विद्यालयीन व्यवहारलेखन

विद्यालयीन व्यवहारलेखन : शाळा, महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या दैनंदिन कामकाजातून निर्माण होणारे लेखन. रजेचा अर्ज, सूचनाफलकावरील सूचना, प्रवेशनोंदवहीतील नोंद, शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपुस्तकातील शेरा, वार्षिक अहवाल, वर्गात लिहावयाचा निबंध इ. प्रकार त्यात मोडतात. वाङ्मयात त्याची गणना होत नाही व त्याचे जतनही क्वचितच होते. तथापि यांतील प्रत्येक प्रकाराला रूढीने ठरलेला साचा असतो आणि कोणी कोणाला कोणत्या शब्दांत व किती बोलावे, हे त्या साच्याने आधीच नेमून दिलेले असते. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात शिक्षणाचे दार ज्यांना बंद होते, त्यांनी ते प्रथम ठोठावले तेही याच प्रकारच्या लेखनातून. त्यामुळे या साच्यांचा इतिहास हा शिक्षणाच्या इतिहासाचाच एक भाग ठरतो.

मराठीत साच्याने लिहिण्याची परंपरा इंग्रजी शाळांच्या पुष्कळ आधीची आहे. पत्रलेखनाचे नियम सांगणारी ‘मेस्तके’ जुन्या काळी प्रचारात होती व त्यांचे कर्तृत्व यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्याकडे देण्याचा प्रघात होता. वडील, समान व कनिष्ठ यांना लिहिताना मायना निरनिराळा असे. तीर्थस्वरूप, राजश्री, चिरंजीव ही संबोधने किंवा साष्टांग नमस्कार, विज्ञापना व आशीर्वाद यांतील भेद म्हणजे केवळ शिष्टाचार नव्हता. पत्राचा मजकूर सुरू होण्यापूर्वीच लिहिणाऱ्याची पायरी त्यातून निश्चित होत असे. मोडीतील मजकूर सलग लिहिला जाई व त्यात विरामचिन्हे नसत. अशा लेखनात ‘विनंती विशेष’ हे शब्द विषयाचा आरंभ आणि ‘हे विनंती’ हे शब्द त्याचा शेवट दाखवीत. ज्याला आज आपण पोकळ उपचार म्हणतो, तो वाचणाऱ्याच्या दृष्टीने मोठ्या सोयीचा होता, हे लक्षात घेतले पाहिजे.

इंग्रजी अंमलात या परंपरेवर दुसरा एक साचा येऊन बसला. १८५० मध्ये मेजर टॉमस कँडी यांची विरामचिन्हांची परिभाषा प्रसिद्ध झाली व छापील मराठीला पूर्णविराम, स्वल्पविराम यांची सवय लागली. १८५५ मध्ये मुंबई इलाख्याचे शिक्षण खाते स्थापन झाले, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले आणि तपासणी, हजेरी, अनुदान व परीक्षा यांच्याबरोबर कागदांचे नवे प्रकार आले. त्यांची शब्दसंपत्ती आजही त्यांच्या मिश्र वंशाची साक्ष देते. अर्ज, रजा, हजेरी, दाखला, शेरा, मंजूर हे शब्द फार्सी-अरबीतून आलेले, फी व नोटीस इंग्रजीतून, तर सूचना, प्रवेश व प्रमाणपत्र हे संस्कृतातून. अर्जाच्या शेवटी येणारा ‘आपला आज्ञाधारक’ हा इंग्रजी कचेरीतील रिवाजाचा अनुवाद होय. परंतु जुन्या ‘सेवेशी’ या शब्दाशी त्याचे चांगले जमले. वरिष्ठापुढे नमून बोलणे दोन्ही परंपरांना सारखेच मान्य होते.

अर्ज या प्रकाराची ताकद व मर्यादा १८५६ च्या धारवाड प्रकरणात स्पष्ट दिसते. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. तेथील सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला, तेव्हा जून १८५६ मध्ये त्याच्या वतीने मुंबई सरकारकडे अर्ज करण्यात आला. सरकारने २१ जुलै १८५६ रोजी जो निर्णय दिला, तो व्यवहारलेखनाचा एक मासलेवाईक नमुना आहे. तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे हे त्यात मान्य केले होते. पण इतर वर्गांच्या आधारावर चालणाऱ्या शाळेत एकादोघांसाठी सत्तेच्या जोरावर असा प्रवेश देणे सरकारला जोखमीचे वाटले. म्हणजे अर्ज योग्य ठरला आणि नामंजूरही झाला. पुढे १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी असल्याचे पुन्हा सांगितले, तरी प्रत्यक्षात परिस्थितीत फारसा पालट झाला नाही. अर्जाच्या साच्यातच अर्जदाराने मागावे व अधिकाऱ्याने द्यावे किंवा न द्यावे असा करार अंतर्भूत आहे. मागणे हा हक्क आहे, असे म्हणावयास त्यात जागा नसते.

निबंधाचे तसे नाही. शाळेत विद्यार्थ्याने लिहावयाच्या सर्व प्रकारांत हा एकच असा, की ज्यात विधान करणे, शंका काढणे व तिचे उत्तर देणे यांची मुभा असते. या मुभेचा मराठीतील पहिला महत्त्वाचा उपयोग एका विद्यार्थिनीने केला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मांग समाजातील मुलगी. मांग व महार यांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदय या अमेरिकन मराठी मिशनच्या पत्रात दोन भागांत प्रसिद्ध झाला. दलित स्त्रीचे पहिले उपलब्ध लेखन म्हणून त्याचा उल्लेख नेहमी होतो. तथापि शाळकरी निबंध म्हणून त्याची रचना कशी आहे, याकडे तितके लक्ष गेलेले नाही, आणि ती पाहण्यासारखी आहे.

निबंधाचा आरंभ ईश्वराला स्मरून होतो. हे त्या काळच्या रीतीला धरूनच होते. पण मुक्ता तेथे थांबत नाही; त्याच ईश्वराला ती प्रश्न विचारू लागते. वेद फक्त ब्राह्मणांचे, ते पाहण्याचाही इतरांना अधिकार नाही, असे असेल तर आम्ही धर्मपुस्तकावाचून आहोत. मग आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे खरे मानून त्यातून त्याला अडचणीचा निष्कर्ष काढण्याची ही पद्धत वादशास्त्राला परिचित आहे. सवाल सर्वांना ऐकू जाईल असा आहे, पण तो देवाला उद्देशून असल्याने उद्धटपणाचा आरोप तिच्यावर सहजासहजी येत नाही. विनंतीचा जुना साचा तिने अशा रीतीने फिर्यादीसाठी वापरला. यानंतर पेशवाईतील छळाचे व मांग-महार स्त्रियांच्या हालअपेष्टांचे, विशेषतः बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसण्याचे वर्णन येते. तेथे तर्काची जागा अनुभव घेतो. शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळून अज्ञानाच्या रोगावर ज्ञानाचे औषध घेण्यास सांगते. देव, प्रतिपक्ष व स्वजन असे तीन श्रोते एका छोट्या निबंधात तिने सांभाळले आहेत. शिक्षकांचा हात त्याला लागला असेल काय, ही शंका काढता येते. परंतु विद्यार्थ्यांच्या बहुतेक चांगल्या निबंधांबाबत ती काढता येईल.

नोंदवहीतील नोंदीला असा कोणताच आवाज नसतो आणि तरीही व्यवहारात तीच सर्वांत टिकाऊ ठरते. नाव, जात, जन्मतारीख हे रकाने एकदा भरले, की पुढचे सर्व दाखले त्यावरूनच तयार होतात. साताऱ्याच्या सरकारी शाळेत (आताचे प्रतापसिंह हायस्कूल) ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली; तिचा क्रमांक १९१४ आहे. पुढे हेच बाबासाहेब आंबेडकर. ही नोंद करणाऱ्याला तिच्यात विशेष असे काही वाटण्याचे कारण नव्हते. या दिवसाचे स्मरण म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस ठरविला.

राजीनामा हा बहुधा दोन ओळींचा कागद. लोकमान्य टिळकांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीला दिलेला इंग्रजी राजीनामा मात्र इतका प्रदीर्घ होता, की संस्थेच्या ध्येयवादाचा व आजीव सभासदांतील मतभेदांचा तो इतिहासच झाला. एरवी हा प्रकार संकोचीच राहिला.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर शासकीय मराठीची घडण सुरू झाली. १९६० मध्ये भाषा संचालनालय निघाले, १९६२ मध्ये पदनाम कोश आला व महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ मध्ये संमत झाला. पदनाम कोशातील संस्कृतप्रचुर संज्ञांची आचार्य अत्रे यांनी ‘बदनाम कोश’ म्हणून थट्टा केली, हे प्रसिद्धच आहे. तथापि त्या घडणीचा शाळा-महाविद्यालयांवर अधिक खोल परिणाम शब्दांपेक्षा वाक्यरचनेतून झाला. ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की’ या वाक्यात कळविणारा कोणीच नाही. ‘कारवाई करण्यात येईल’ यात कारवाई करणारा अदृश्य आहे. अर्जात लिहिणारा स्वतःला लहान करतो, तर सूचनेत तो नाहीसाच होतो. कर्ता नसल्याने तिला उलट उत्तर देता येत नाही.

घरची बोली प्रमाण मराठीहून दूर असेल तेथे हे अंतर आणखी जाणवते. ठाणे जिल्ह्यात भाईंदरच्या पश्चिमेस समुद्रकाठी असलेल्या उत्तन, पाली या गावांतील ख्रिस्ती कोळ्यांची मराठी बोली स्वतंत्र वळणाची आहे.  पोर्तुगीज अंमल या किनाऱ्यावरून १७३९ मध्ये गेला, पण पगार व पाद्री हे त्याचे शब्द सर्व मराठीत राहिले. अशा घरातील पालकाला ‘उपस्थिती अनिवार्य’ हे शब्द मराठीच असूनही परके वाटतात आणि सूचना आली, की तिचा अर्थ त्याला बहुधा मुलाकडूनच समजून घ्यावा लागतो. सूचनेच्या साच्यात असा वाचक धरलेलाच नसतो.

साचे बदलतात ते सावकाश व सहसा खालून नव्हे. विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव हा नोंदीचा क्रम दीर्घकाळ अबाधित होता. आईला त्यात स्थान नव्हते. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मूळ नावानंतर प्रथम आईचे, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव लिहिण्याचा निर्णय घेतला. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांना तो लागू आहे. त्यापूर्वी जन्मलेल्यांच्या नोंदी जुन्याच क्रमाने राहिल्या आहेत.