साल नसलेली पत्रं

आमच्या ग्रुपवर अर्धे जळगावचे, अर्धे धुळ्याचे. 'मराठी संपणार' असा फॉरवर्ड आला की कुणीतरी हटकून लिहितो, "अजून मेली नाही का भो?" मग राजवाड्यांची पाळी येते. शंभरेक वर्षांपूर्वी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी लेखच लिहिला होता, 'मराठी भाषा मुमूर्षू आहे काय?' मुमूर्षू म्हणजे मरणाला टेकलेली. आमच्याकडे सकाळी आठपर्यंत साठ मेसेज पडतात, सगळे मराठीत. ते पाहून राजवाडे खूश झाले असते की चिडले असते, यावर आमचं एकमत नाही. (माझं मत, चिडले असते.)

३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच वारले. त्यांचे कागद सांभाळणारं राजवाडे संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. माहितीचा ढिगारा काय असतो ते या माणसाला विचारावं. गावोगाव पायपीट करून, जुन्या वाड्यांतून मोडी कागद मिळवून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड काढले; पहिला १८९८ चा. मोडी वाचणं कटकटीचंच, पण खरी मेख तारखेत होती. पत्रात 'छ १२ रमजान' एवढंच असायचं. चंद्राची तारीख, महिना, आणि साल बऱ्याचदा नाहीच. ज्याला पत्र जायचं त्याला ते ठाऊक असे. राजवाड्यांना मात्र ते मजकुरातून हुडकावं लागे. कोण जिवंत आहे, कुणाचा मुक्काम कुठे, फौज कुठवर पोचली. साल चुकलं तर पानिपतच्या आधीचं पत्र नंतरचं ठरायचं.

फॉरवर्डलाही साल नसतं. 'आत्ताच आलेली बातमी', बस. २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा अशाच फिरत होत्या. तेव्हा देशभर पसरलेला एक व्हिडिओ तर कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मूल परत आणून सोडतात तो शेवट कापलेला. १ जुलैला, बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने जाहीर केलं की भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटमध्ये पुढे पाठवता येईल. फॉरवर्डवर अजूनही तो आपल्याकडे आल्याचीच वेळ दिसते, मूळ कधीचा ते नाही.