वेगाचे टिकाऊपण : एका इंजिनाचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या मंडळाच्या वाचकांना सनदा, बखरी, मोहिमा आणि दफ्तरे आठवतात. ते स्वाभाविकच आहे. कारण आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज अशाच एखाद्या मोहिमेबरोबर किंवा दफ्तराबरोबर या बाजूस आले आणि इथलेच झाले. परंतु यंत्रांनाही इतिहास असतो. त्यातही महत्त्वाकांक्षा असते, पैशाची चणचण असते, चुकलेले अंदाज असतात आणि मागाहून आलेले शहाणपण असते. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका यंत्राची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टन या गावी १९६७ साली सिद्ध झालेले हे मोटारशर्यतीचे इंजिन ‘डी. एफ. व्ही.’ या तीन अक्षरांनी ओळखले जाते. मोटारशर्यतींत ज्यांना रस नाही त्यांनीही ही हकीकत वाचावी, अशी आमची विनंती आहे. कारण वस्तू टिकते ती नेमकी कशामुळे, हा तिचा खरा विषय आहे.

प्रथम अडचण काय असते ते पाहू. मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी होती. तिचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे आणि शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती. डी. एफ. व्ही. इंजिन २९९३ घन सेंटिमीटरचे, म्हणजे आकाराने पावणेतीन पट. पण त्याची शक्ती अगदी आरंभीच ४०० अश्वशक्तीच्या वर होती. तेवढ्याच आकारातून साडेतीन पटींहून अधिक शक्ती काढायची तर एक मार्ग उघड आहे: इंजिन अधिक वेगाने फिरवावे, म्हणजे तेवढ्याच वेळात अधिक वेळा इंधन जळेल. पद्मिनीचे इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या आसपास आपली पूर्ण शक्ती देई. हे इंजिन नऊ हजार फेरे घेई.

हे लिहायला सोपे आहे. नऊ हजार फेरे म्हणजे सेकंदाला दीडशे. त्या प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर जातो, थांबतो, उलटतो, खाली येतो आणि पुन्हा उलटतो. या उलटण्याच्या क्षणी त्याला जो झटका बसतो तो गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजार पटींहून अधिक असतो. अर्ध्या किलोची वस्तू त्या क्षणापुरती दीड टनाहून जड व्हावी, तसा हा प्रकार. आणि हा ताण फेऱ्यांच्या प्रमाणात वाढत नाही, वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे दुप्पट केले की ताण चौपट होतो. नऊ हजारांचे साडेदहा हजार करणे म्हणजे फेऱ्यांत सतरा टक्क्यांची वाढ. पण ताण छत्तीस टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच वेगाने फिरणारे इंजिन बनविणाऱ्यास क्षणभराची शक्ती मिळविणे अवघड जात नाही. ती दोन तास टिकविणे अवघड जाते.

आता इतिहासाकडे वळू. ‘फॉर्म्युला वन’ या सर्वोच्च दर्जाच्या शर्यतींत १९६१ ते १९६५ या काळात इंजिनाची मर्यादा दीड लिटर होती. १९६६ पासून ती तीन लिटर करण्यात आली. त्याच सुमारास कॉव्हेन्ट्री क्लायमॅक्स या इंजिन पुरविणाऱ्या कंपनीने या क्षेत्रातून अंग काढून घेतले आणि लोटस या प्रसिद्ध संघाचे प्रमुख कॉलिन चॅपमन यांच्यापाशी उत्तम मोटार असूनही इंजिन उरले नाही. १९६६ साली त्यांनी बी. आर. एम. कंपनीचे सोळा सिलिंडरांचे इंजिन वापरून पाहिले. ते कागदावर मोठे आकर्षक, पण प्रत्यक्षात जड आणि गुंतागुंतीचे होते. त्या इंजिनाने लोटसला एकच मोठा विजय दिला. तेव्हा चॅपमन यांनी आपल्याकडील एका जुन्या नोकराकडे धाव घेतली.

त्याचे नाव कीथ डकवर्थ. जन्म १९३३, गाव लँकेशायरमधील ब्लॅकबर्न, शिक्षण लंडनच्या इंपीरियल कॉलेजात. लोटसमध्ये असताना गिअरबॉक्स सुधारण्याचे काम त्याच्याकडे होते. मुळातच सदोष असलेल्या आराखड्यावर ठिगळे लावीत बसण्यास नकार देऊन तो तेथून बाहेर पडला होता. त्याने आणि माइक कॉस्टिन या सहकाऱ्याने १९५८ साली स्वतःची कंपनी काढली आणि दोघांच्या आडनावांचे तुकडे जोडून तिचे नाव ‘कॉसवर्थ’ ठेवले. चॅपमन यांची बोलणी आता या डकवर्थशी सुरू झाली आणि इंग्लंडातील फोर्ड कंपनीचे प्रसिद्धिप्रमुख वॉल्टर हेज यांनी पैशाची सोय करून दिली. एकूण रक्कम एक लाख पौंड. त्यांतील पंचवीस हजार दुय्यम शर्यतींसाठीच्या चार सिलिंडरांच्या इंजिनासाठी आणि पंचाहत्तर हजार तीन लिटरच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनासाठी. फोर्डसारख्या कंपनीच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळच म्हणावी लागेल.

डकवर्थने प्रथम चार सिलिंडरांचे इंजिन केले. त्यातून जे शिकला ते घेऊन त्याने दोन चौकड्या नव्वद अंशांच्या कोनात एकत्र आणल्या आणि आठ सिलिंडरांचे इंजिन उभे केले. ‘डबल फोर व्हॉल्व्ह’ या त्याच्या नावाचा उगम हाच. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा. दोन मोठ्या झडपांपेक्षा चार लहान झडपा हलक्या, त्यामुळे त्या सेकंदाला पंच्याहत्तर वेळा उघडता-मिटता येतात. झडपांमधील कोन त्याने फक्त बत्तीस अंश ठेवला. जुन्या पद्धतीत हा कोन खूप मोठा असे. त्यामुळे ज्वलनाची जागा घुमटासारखी होई आणि पिस्टनच्या माथ्यावर उंचवटा द्यावा लागे. कोन कमी होताच जागा उथळ झाली, पिस्टनचा माथा जवळजवळ सपाट आणि म्हणून हलका झाला, ठिणगी बरोबर मध्यभागी आली आणि ज्वलन जलद होऊ लागले. सिलिंडरचा व्यास ८५.७ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव त्याहून बरीच कमी, ६४.८ मिलिमीटर, असे प्रमाण ठेवले. धाव आखूड असली की फेरे वाढवूनही पिस्टनचा वेग आवाक्यात राहतो. यांतील एकही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. त्यांचा मेळ मात्र नवा होता.

आणखी एक गोष्ट विशेष होती. नव्या ‘लोटस ४९’ मोटारीला इंजिनामागे सांगाडाच नव्हता. इंजिन हाच सांगाडा. पुढचा भाग चालकाच्या बैठकीपाशी संपे, तेथे इंजिन बोल्टांनी जोडलेले, आणि मागची चाके इंजिनाच्या व गिअरबॉक्सच्या आधाराने उभी. पण धातू तापला की फुगतो. घट्ट आवळून बसविलेले इंजिन तापून रुंदावले असते तर त्याने जोडच ओढून काढले असते. यावर उपाय म्हणून वरच्या बाजूचे जोड पातळ पट्ट्यांवर घेतले. या पट्ट्या मोटारीच्या लांबीच्या दिशेने ताठ राहत आणि रुंदीच्या दिशेने किंचित वाकत. वाचकांनी ही पट्टी ध्यानात ठेवावी. पुढील हकीकतीशी तिचा संबंध आहे.

४ जून १९६७ रोजी हॉलंडमधील झान्डव्होर्ट येथे हे इंजिन प्रथमच शर्यतीत उतरले. लोटसचे दोन चालक होते, ग्रॅहम हिल आणि जिम क्लार्क. सरावात सर्वांत कमी वेळ नोंदवून हिल पहिल्या स्थानावरून निघाला, पण अकराव्या चकरेत त्याचे इंजिन बंद पडले. क्लार्क आठव्या स्थानावरून निघाला आणि शर्यत जिंकला. पहिल्याच पदार्पणात विजय, म्हणून वर्तमानपत्रांनी कौतुक केले ते योग्यच होते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र आम्हांस हिलचे बंद पडलेले इंजिन अधिक महत्त्वाचे वाटते.

त्या इंजिनात झडपा उघडणारे जे कॅमशाफ्ट असतात, त्यांना क्रँकशाफ्टपासून गती देणाऱ्या गिअरचे दाते तुटले होते. हा दोष पुढे बराच काळ पिच्छा पुरवीत राहिला. त्या वर्षी क्लार्कने चार शर्यती जिंकल्या, सर्वांत वेगवान मोटार निःसंशय लोटसच होती. तरी अजिंक्यपद गेले ते ब्रॅबहॅम संघाच्या डेनी हल्मकडे. त्याची मोटार तितकी वेगवान नव्हती, पण शर्यत पुरी करीत असे.

दाते तुटतात तर ते अधिक जाड करावेत, पोलाद अधिक कठीण घ्यावे, हा उपाय कोणासही सुचेल. राज्य शासनाच्या सेवेत आम्ही हयात घालविली. तेथे मोडलेल्या प्रत्येक वस्तूच्या टिप्पणीचा शेवट ‘पुढील वेळी अधिक मजबूत घ्यावी’ असाच होत असलेला आम्ही पाहिला आहे. ती वस्तू का मोडली, हा प्रश्न टिप्पणीत क्वचितच येई. डकवर्थने तो प्रश्न विचारला. कॅम झडपेला ढकलतो तेव्हा झडपेची स्प्रिंग त्याला विरोध करते. झडप मिटताना तीच स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते. म्हणजे गिअरच्या दात्यांवर एकसारखा भार नसतोच. एकदा पुढून, एकदा मागून असे घाव बसत असतात. ठराविक फेऱ्यांना या घावांची लय आणि गिअरमालेची स्वतःची कंपनाची लय जुळते आणि मग घाव अंदाजापेक्षा कितीतरी मोठे होतात. असा घाव ताठ वस्तूवर सर्वांत कठोर बसतो. दाता अधिक ताठ केला तर घाव कमी होत नाही. तो फक्त पुढच्या भागाकडे जातो.

डकवर्थने काढलेला उपाय मोठा सुंदर आहे. गिअरमालेतील एका जोडगिअरच्या तुंब्यात त्याने बारा बारीक पोलादी सळया बसविल्या. एका गिअरची गती या सळयांमधून दुसऱ्या गिअरकडे जाई. घाव आला की सळया किंचित पिळवटत आणि पुन्हा पूर्ववत होत. डोळ्यांना दिसणारही नाही एवढी ही लवचिकता; पण तेवढ्याने लयींचा मेळ मोडला आणि दाते वाचले. वरच्या पट्ट्यांत जे तत्त्व होते तेच येथे आले: योग्य जागी, योग्य दिशेने आणि मोजके वाकणे. महापुरात वृक्ष जातो आणि लव्हाळे राहते, ही शिकवण आपल्याला तुकोबांपासून परिचयाची आहे. फरक इतकाच की लव्हाळे सर्वांगानेच वाकते. यंत्रात कोठे वाकायचे आणि कोठे मुळीच नाही, हे माणसाला आकडेमोड करून ठरवावे लागते.

तेलाची गोष्टही तशीच. वेगाने फिरणाऱ्या क्रँकशाफ्टभोवती तेल साचून राहिले तर शक्ती वाया जाते, आणि फेसाळलेले तेल बेअरिंगपर्यंत गेले तर बेअरिंग जळते. तेव्हा खालचे तेल हवेसकट झपाट्याने ओढून घेणारा पंप आणि त्यातील हवा केंद्रोत्सारी गतीने वेगळी करणारे साधन, अशी जोडी पुढे बसविली गेली. बाहेरून पाहणाऱ्यास यातले काही दिसत नाही. टिकाऊपणाची बहुतेक कामे अशीच न दिसणारी असतात. डकवर्थ तर म्हणत असे की, नंतरच्या सुधारणा या आराखडा करणाऱ्याच्या अज्ञानाची भरपाई होत. बोलणे कठोर खरे, पण ते त्याने स्वतःलाही लागू केले.

या टिकाऊपणाचे परिणाम केवळ तांत्रिक नव्हते. १९६८ पासून फोर्डने हे इंजिन इतर संघांनाही विकण्यास मान्यता दिली. किंमत साडेसात हजार पौंड. ज्यांच्यापाशी स्वतःचे इंजिन घडविण्याइतके भांडवल नव्हते असे लहान लहान संघ हे इंजिन आणि बाजारात मिळणारा ह्यूलंडचा गिअरबॉक्स घेऊन मैदानात उतरू लागले. फेरारीच्या बारा सिलिंडरांच्या इंजिनाची शक्ती पुढील काळात अधिक होती, पण डी. एफ. व्ही. हलके, इंधन बेताने पिणारे आणि विकत मिळणारे होते. १९६९ आणि १९७३ या वर्षी अजिंक्यपदाची एकूण एक शर्यत याच इंजिनाने जिंकली. १९६८ मध्ये ग्रॅहम हिलपासून १९८२ मध्ये केके रोसबर्गपर्यंत बारा वेळा चालकांचे अजिंक्यपद या इंजिनाच्या चालकाकडे गेले. एकूण विजय १५५. क्लार्कला मात्र हे पाहता आले नाही; ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे दुय्यम दर्जाच्या शर्यतीत अपघातात त्याचा मृत्यू झाला.

दोन तासांच्या शर्यतीसाठी जन्मलेल्या या इंजिनाने फ्रान्समधील ल मान येथील चोवीस तासांची शर्यतही दोनदा जिंकली, १९७५ आणि १९८० साली. १९७५ मध्ये त्यासाठी त्याचे फेरे मुद्दाम कमी ठेवले होते. पुढे टर्बो इंजिनांचा जमाना आला आणि ५ जून १९८३ रोजी डेट्रॉइट येथे मिकेले आल्बोरेतोने या घराण्याचा सर्वोच्च दर्जाच्या शर्यतींतील शेवटचा विजय मिळविला. तोवर आखूड धावेच्या नव्या आवृत्तीची शक्ती पाचशे अश्वशक्तीच्या पुढे गेली होती. १९८५ साली ‘फॉर्म्युला ३०००’ ही नवी स्पर्धा सुरू झाली. तिच्या नियमांत फेऱ्यांवर नऊ हजारांची मर्यादा घातली होती, आणि आरंभी बहुतेक मोटारींत हेच इंजिन होते. अठरा वर्षांपूर्वी जी त्याच्या सामर्थ्याची परिसीमा होती, ती आता त्याची निवांत चाल ठरली होती. आम्हांस वाटते, एखाद्या यंत्राच्या टिकाऊपणाचे याहून बोलके प्रमाणपत्र नसेल.

कीथ डकवर्थ डिसेंबर २००५ मध्ये निवर्तला. त्याची इंजिने जुन्या मोटारींच्या शर्यतींत आजही गर्जताना ऐकू येतात. जे मोडले ते लपवायचे नाही, मोडलेल्या तुकड्याला दोष देऊन मोकळे व्हायचे नाही, घाव कोठून आला हे शोधून त्या ठिकाणी थोडी जागा द्यायची आणि बाकी सर्व ताठ ठेवायचे, एवढे हे इंजिन सांगते. परप्रांतात शे-दोनशे वर्षे राहून, बाजारात तिथली भाषा आणि घरात आपली भाषा बोलत आलेल्या आपल्या घराण्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी.