तेलाचं बेट आणि पाहुणे

अंटार्क्टिकाच्या सफरीवरच्या बोटी डिसेप्शन बेटाशी थांबतात, तिथे आपणही थांबू. हे बेट म्हणजे ज्वालामुखीचं खचलेलं मुख, आत समुद्र शिरलेला. किनाऱ्यावर गंजलेल्या टाक्या नि बॉयलर आहेत. पर्यटक त्यांचे फोटो काढतात आणि पेंग्विनांकडे वळतात.

1912 ते 1931 या काळात तिथे नॉर्वेजियन कंपनी देवमाशांचे सांगाडे उकळून तेल काढी. चरबी बोटींवर आधीच सोलून घेतलेली असे. उरलंसुरलंही सोडायचं नाही, हा हिशोब! कारखाना बंद पडला तो तेलाचे भाव कोसळले म्हणून. कुणाला दया आली म्हणून नव्हे, हे ध्यानात असू द्या.

1966 साली लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी अर्जेंटिनाच्या नौदलाची बोट भाड्याने घेऊन प्रवासी नेले; 1969 साली खास बोटच बांधून घेतली. म्हणजे आता नुसतं पाहणं विकाऊ झालं. पण पाहणं निरुपद्रवी असतं का? आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हा प्रश्न सोडवत नाही. आज एका वेळी 100च माणसं किनाऱ्यावर उतरतात, पेंग्विनपासून 5 मीटर दूर राहतात. नियम चांगले आहेत, आणि पाहण्यानेही इजा होते याची ती कबुलीच आहे.

लिंडब्लाड यांची ती बोट 23 नोव्हेंबर 2007 रोजी याच साउथ शेटलंड बेटांजवळ बर्फाला धडकून बुडाली. सगळे 154 जण वाचले. डिझेल मात्र बोटीबरोबर तळाशी गेलं. काही पाण्यावर पसरलं.