४९३४ क्रमांकाची मिउरा

लॅम्बोर्गिनी हे नाव आखातात वाढणाऱ्या आपल्या मुलांना तोंडपाठ असते. एगैलाच्या गेट मॉलसमोर एखादी पिवळीधमक गाडी गुरगुरत आली, की बापाचा हात ओढून तिचे मॉडेल सांगणारी हीच मंडळी. पण ज्या गाडीने या घराण्याला नाव मिळवून दिले, ती मिउरा त्यांनी बहुधा पाहिलेली नसते. १९६६ ते १९७३ या काळात ती जेमतेम ७६०च्या आसपास बनली. आता ती रस्त्यापेक्षा लिलावाच्या पुस्तिकेतच अधिक भेटते.

ट्रॅक्टर विकून श्रीमंत झालेल्या फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांना शर्यतीच्या गाड्यांत रस नव्हता. त्यांच्या कारखान्यातल्या डालारा, स्टान्झानी आणि वॉलेस या तिघांना मात्र होता. तिघेही तिशीच्या आतले. कामाचे तास संपल्यावर त्यांनी बारा सिलिंडरचे चार लिटरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे आडवे बसवायचा बेत आखला. आडव्या इंजिनाची कल्पना ब्रिटिश 'मिनी'तून आलेली, म्हणजे गरिबाच्या गाडीतून! नोव्हेंबर १९६५ मध्ये ट्युरिनच्या प्रदर्शनात नुसता सांगाडा मांडला, तर अंगावर पत्रा नसलेल्या त्या गाडीला गिऱ्हाईके मिळाली. पुढच्या मार्चमध्ये जिनिव्हाला ती सजून आली. तिचे रूप बर्टोनेकडच्या मार्चेल्लो गांदिनी यांच्या हातचे.

अभियंत्याच्या नजरेने पाहिले तर या सुंदरीत खोटी पुष्कळ. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ओतीव भागात, आणि दोघांना तेलही एकच. म्हणजे गिअरच्या दात्यांची झीज थेट इंजिनाच्या पोटात जायची. पेट्रोलची टाकी पुढे. ती रिकामी होत गेली की नाक हलके होऊन भर वेगात उचलू पाहायचे. अखेरच्या एसव्ही मॉडेलच्या शेवटच्या काही गाड्यांत तेलाची वाटणी झाली, तोवर मिउराचा काळ संपत आला होता. माझ्या मते संग्राहकांचे प्रेम या खोटींवरही आहे. निर्दोष यंत्राला कोणी 'स्वभाव' म्हणत नाही.

वॉलेस यांनी १९७० मध्ये शर्यतीच्या नियमावलीतील 'जे' परिशिष्टाबरहुकूम एक हलकी मिउरा बांधली. तिचे नाव 'जोटा', स्पॅनिशमधले जे हे अक्षर. त्याचा उच्चार 'होता'च्या जवळ जातो, आणि मराठी कानाला ते नाव भलतेच समर्पक वाटेल, कारण ती एकुलती एक गाडी अपघातात जळून गेली. पण तिची कीर्ती ऐकून बड्या गिऱ्हाइकांनी तशाच गाड्या मागितल्या. कारखान्याने मोजक्याच बनवल्या आणि त्यांना एसव्हीजे म्हटले. त्यातली ४९३४ क्रमांकाची गाडी १९७१ मध्ये इराणचे शहा मोहम्मद रझा पहलवी यांच्यासाठी तयार झाली. ती त्यांना स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झला पोचवली गेली.

जानेवारी १९७९ मध्ये शहांनी देश सोडला. राजवाड्यातल्या इतर चीजवस्तूंबरोबर ही गाडीही नव्या राजवटीच्या ताब्यात गेली. ती वितळवली गेली नाही, हेच नवल. नव्वदच्या दशकात ती आखात ओलांडून दुबईला आली आणि १९९७ मध्ये जिनिव्हात ब्रूक्स या संस्थेच्या लिलावात उभी राहिली. अमेरिकन नट निकोलस केज यांनी ती सुमारे ४ लाख ९० हजार डॉलरना घेतली. त्या वेळी हा आकडा अवाच्या सवा वाटला असेल. आज चांगल्या साध्या एसव्हीलाही २० लाख डॉलरच्या वर भाव येतो.

हा पैसा केवळ पत्र्याचा आणि इंजिनाचा नव्हे. तो चासी क्रमांकाचा आणि त्याला जोडलेल्या कहाणीचा आहे. कोणासाठी बनली, कोणी घेतली, कोणी हिरावली, कोणी विकली: लिलावाच्या पुस्तिकेत हे सगळे एका ओळीत, दागिन्यासारखे मांडले जाते. क्रांती, जप्ती, परागंदा राजा यांनी किंमत वाढते.

१९९० साली कुवेतमध्ये असलेल्या माणसाला ही ओळ वाचताना अडखळायला होईल. २ ऑगस्टच्या इराकी आक्रमणानंतर इथल्या गाड्याही हिरावल्या गेल्या. कुणाच्या दारातून नेल्या गेल्या, कुणी जॉर्डनच्या वाटेवर मागे सोडल्या. एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानहून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय मायदेशी आणले. त्यांच्या सामानात गाडी बसणार नव्हती. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाई आयोग नेमला, तेव्हा प्रश्न तोच होता जो जिनिव्हाच्या लिलावात असतो: ही गाडी तुमचीच, हे कशावरून? ज्यांनी पळताना दफ्तर म्हणजे गाडीची नोंदणीची कागदपत्रे खिशात घातली, ते शहाणे ठरले.

आयोगाकडे वाहनांच्या मूल्यांकनाचा एक तक्ता होता. कंपनी, मॉडेल, वर्ष, आणि त्यापुढे किंमत. त्यात कहाणीला रकाना नव्हता, आणि नसावाच. लाखो दावे निकालात काढायचे तर दुसरा मार्ग नाही. सामान्य माणसांचे दावे आधी चुकते झाले. कुवेतच्या तेल उद्योगाच्या प्रचंड दाव्याचा शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये दिला गेला, आणि एकूण भरपाई ५२.४ अब्ज डॉलरवर थांबली.