पार्किंगवरचे पत्रे
आपल्या पार्किंगवर पहिल्या वर्षी सिमेंटचे पत्रे चढले, तेव्हा खजिनदार मीच. सर्वांत कमी दराचं कोटेशन मीच पास केलं. पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, हे कुणी विचारलं नाही. दुखणं मात्र जुनं. इंग्लंडात रॉचडेलला अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत कातणारी नेली केरशॉ १९२४ मध्येच, ३३ व्या वर्षी फुप्फुसं निकामी होऊन गेली. आपल्या सुप्रीम कोर्टानेही १९९५ मध्ये बजावलं, कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी निवृत्तीनंतरही किमान १५ वर्षं ठेवा. रोग फार उशिरा उमटतो ना! आपले पत्रे त्यानंतरचे.

शाबूत पत्र्याची फारशी भीती नाही. कापला, फोडला की तंतू उडतात. बदलताना ओले करून, अख्खेच उतरवावेत.

भोकं पाडणारा पोरगा पांढऱ्या धुळीने माखला होता. त्याच्या मजुरीचं व्हाउचर परवा फाइलीत सापडलं. सही आहे, पत्ता नाही.