परवलीची कविता

पाठ असलेल्या कवितेवर माणसाचा जीव अवलंबून असावा, असा प्रसंग साहित्याच्या इतिहासात विरळा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने जुलै १९४० मध्ये ‘स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ ही गुप्त संघटना उभारली. जर्मनव्याप्त युरोपात उतरणाऱ्या तिच्या हेरांजवळ संकेतांचा कागद सापडणे धोक्याचे होते. म्हणून संदेशाची किल्ली कवितेच्या रूपाने स्मरणात ठेवली जाई. कवितेतील पाच शब्द निवडायचे, त्यांतील अक्षरांना वर्णानुक्रमे आकडे द्यायचे आणि त्या क्रमाने संदेशातील अक्षरांची दोनदा उलटापालट करायची. कोणते शब्द घेतले, हे संदेशातच खुणेने कळवले जाई.

या सोयीच्या पोटातच तिचा दोष होता. अनेक हेरांच्या किल्ल्या नामवंत कवींच्या ओळींत असत. शत्रूने एक संदेश उलगडून ते पाच शब्द मिळवले, की काव्यसंग्रह चाळून मूळ कविता शोधता येई. मग त्या हेराचे पुढचे-मागचे सारे संदेश उघडे पडत.

१९४२ मध्ये संघटनेत आलेल्या लिओ मार्क्स या तरुणाने या पद्धतीविरुद्ध आवाज उठवला. ८४, चेरिंग क्रॉस रोड या प्रसिद्ध ग्रंथविक्री दुकानाच्या मालकांपैकी एकाचा हा मुलगा. त्याने हेरांना कोठेही न छापलेल्या, नव्याने रचलेल्या कविता दिल्या. दिवंगत प्रेयसीसाठी त्याने लिहिलेली ‘द लाइफ दॅट आय हॅव’ ही कविता १९४४ मध्ये व्हायोलेट झाबो हिला मिळाली. त्याच वर्षी ती पकडली गेली आणि १९४५ च्या आरंभी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत मारली गेली. पाठ केलेले छळाने वदवून घेता येते, हे मार्क्स जाणून होता; म्हणून रेशमी कापडावर छापलेल्या, एकदाच वापरून नष्ट करायच्या किल्ल्यांचा त्याने आग्रह धरला.

आज संगणकाचा पासवर्ड ठरवताना आम्हां साहित्याच्या अध्यापकांचा ओढा अभंगाच्या चरणाकडे किंवा लाडक्या कवितेकडे असतो. तो आवरला पाहिजे. गाजलेल्या ओळींच्या याद्या पासवर्ड फोडणाऱ्यांजवळही असतात. अक्षराच्या जागी आकडा घातल्याने फारसे बिघडत नाही. आर्नल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये सुचवलेली ‘डाइसवेअर’ पद्धत अधिक भरवशाची आहे. पाच फाशांच्या एका दानाने ७,७७६ शब्दांच्या यादीतून एक शब्द निवडायचा. असे सहा शब्द घेतले की शक्यता होतात सुमारे २२ वर २२ शून्ये इतक्या. यादी शत्रूच्या हाती असली तरी हा आकडा घटत नाही.

समजा, दानांत आले : मुनीम, दुर्बीण, कोथिंबीर, ऐरण, सनई, पाणपोई. मुनीम दुर्बिणीतून कोथिंबीर न्याहाळतो, ऐरणीवर सनई ठोकतो आणि पाणपोईवर जाऊन बसतो. हे चित्र चार दिवस घोळवले की विसरू म्हणता विसरत नाही. (येथे छापले गेल्यामुळे हेच शब्द मात्र कोणी वापरू नयेत.) निवड फाशांवर सोपवावी आणि स्मरण कल्पनाशक्तीवर. नवी कविता देतानाही मार्क्सला ती कविमनाच्या निवडीतूनच घडवावी लागली होती. आपल्याला ती गरज नाही.