तळटीप : एमआर स्पेक्ट्रोस्कोपी

एमआरआयच्याच यंत्रावर होणारी, पण चित्राऐवजी ऊतीतील रसायनांचे प्रमाण आलेखात दाखवणारी ही तपासणी होय. निरोगी पुरःस्थ ग्रंथीच्या, अर्थात प्रोस्टेटच्या, पेशी जस्त साठवतात व त्यामुळे तेथे सायट्रेट साचते. कर्करोगात जस्त घटून सायट्रेटचा उंच सुळका खचतो आणि पेशीपटलांच्या जलद घडणीमुळे कोलीनचा वर येतो. ग्रंथीच्या दाहातही असा आलेख दिसू शकत असल्याने निदान बायोप्सीनेच पक्के होते, आणि पाय-रॅड्स या आंतरराष्ट्रीय एमआरआय-वाचनपद्धतीच्या २०१५च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ही तपासणी गुणांकनात धरली जात नाही. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरील वृद्धाला, लघवीची धार बारीक होताच, गुदमार्गे बोटाने होणारी ग्रंथीची तपासणी व पीएसए ही रक्तचाचणी वेळेवर मिळणे याहून कितीतरी निकडीचे आहे.